‘आणीबाणीत काय झालं?’ हे विचारू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची प्रश्नावली मिळाली. प्रबंधासाठी आपल्याच तालुक्याच्या गावातली आणीबाणी लिहायची, आणि तीही साध्या माणसांची, हे तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. हे काम माझ्या पिढीनं वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. ज्यांना विचारायचं त्यातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत. म्हणून उत्तराला उशीर न करता लिहायला बसलोय.

तुझा पहिला प्रश्न खोडून टाक. ‘आणीबाणीत तुमच्या गावात काय घडले?’ असं विचारलंस तर दहातली आठ माणसं म्हणतील, ‘आपल्याकडं काय होणार? ते सगळं दिल्ली-मुंबईला.’ ती खोटं बोलत नसतील. आणीबाणी हा शब्द रेडिओतला आणि वर्तमानपत्रातला. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली, दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. तो गुरुवार होता. आपल्याकडं लोक पेरणीच्या गडबडीत होते, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि पेपर एसटीनं यायचा तो दुपारी. त्या दिवसाची आठवण विचारलीस तर बहुतेकांना काहीच आठवणार नाही. मग तुला वाटेल, या माणसाकडं सांगण्यासारखं काही नाही, आणि तू उठशील. तिथंच काम बिघडेल.

आपल्याकडची माणसं सालं इसवी सनात मोजत नाहीत. त्यांचा मैलाचा दगड म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. वाटपाची सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामं हे कुणालाही विचार, कालच घडल्यासारखं सांगतील. तिथून मोजत ये. ‘दुष्काळानंतर घरात पहिलं लग्न कुणाचं झालं? थोरला तेव्हा कितवीत होता? धाकटी पोटात होती का?’ असं विचारत गेलीस की पंचाहत्तर-शहात्तर आपोआप येतं, आणि येतं ते घरातल्या वस्तू, माणसं सोबत घेऊन. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक पुढच्या-मागच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. नसबंदीची शिबिरं आणीबाणीच्या आधीही होत होती. कुणी म्हणालं ‘आणीबाणीत केली’, तर शेवटच्या मुलाचा जन्म कधीचा ते विचार, म्हणजे खरं साल सापडेल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तुला अशी माणसं भेटतील, आणि पुष्कळ भेटतील, जी म्हणतील, ‘तेव्हा बरं होतं गं. गाड्या वेळेवर यायच्या, साहेब खुर्चीवर असायचा, दुकानदार वचकून होता.’ तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं की हे ऐकून तू अस्वस्थ होशील. अस्वस्थ जरूर हो, पण त्यांना दुरुस्त करायला जाऊ नकोस. किराणा दुकानांवर भावफलक आणि साठ्याचे फलक लागले होते, हे मी स्वतः पाहिलंय. खडूनं लिहिलेले, ज्वारी, साखर, गोडेतेल, डालडा. भाव उतरले हेही खरं. पण पंचाहत्तरचा पाऊस चांगला झाला होता आणि त्या वर्षी देशात धान्य विक्रमी पिकलं होतं. पावसानं केलेलं काम धाकाच्या खात्यावर जमा झालं. तू दोन्ही लिही. स्वस्ताई कशानं आली ते लिही, आणि लोकांना ती कशानं आली असं वाटलं तेही लिही. लोकांचं ते वाटणंही त्या काळाच्या इतिहासातच येतं.

आपल्या वेशीबाहेरच्या वस्तीत एक म्हातारी आहे, आयुष्यभर शेतमजुरी केलेली. तिच्याकडं तांब्याचा एक हंडा आहे. दुष्काळात तो सावकाराकडं गहाण पडला होता. ऑगस्ट १९७५ मध्ये राज्य सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला. शेतमजूर, अल्पभूधारक, गावातले कारागीर यांची सावकारी कर्जं त्यानं रद्द झाली आणि गहाण वस्तू परत द्यायची सक्ती झाली. तिचा हंडा परत आला. ती तुला हंड्याच्या काठावरची खूण दाखवेल. सावकाराच्या माणसानं ओळख पटावी म्हणून तारेनं चिठ्ठी बांधली होती, ती सोडवताना उठलेला ओरखडा. तिला हुकूमशाही म्हणजे काय ते समजावून सांगायला जाऊ नकोस. तिच्या दारी सरकार म्हणून जे आलं ते हंडा घेऊन आलं.

पण तिथंच थांबूही नकोस. तिला पुढचं विचार. पुढच्या पेरणीला, आजारपणाला पैसा कुणी दिला? तेव्हा ती जरा थांबेल, आणि मग सांगेल की सावकारानं दार लावून घेतलं, बँकेत उभं करत नव्हते, आणि मुलाच्या तापासाठी तिनं बोकड अर्ध्या किमतीत विकला. तिच्या सांगण्यातला हा भाग मला दुसऱ्या भेटीत मिळाला. पहिल्या भेटीत फक्त हंडा होता. म्हणून प्रत्येकाकडं किमान दोनदा जायचंच असं ठरवून टाक. त्या सावकाराच्या घरीही जा. त्यांच्या सुनेनं रोजकीर्द आणि खतावण्या अजून माळ्यावर ठेवल्यात. ती म्हणेल, ‘आमच्यावर कुणी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत.’ तिचंही ऐक.

आता माझ्या घरचं लिहितो, कारण ते न सांगता तुला सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते हे तुला माहीत आहे. शहात्तर साली मी सहावीत होतो. एप्रिलमध्ये केंद्राचं नवं लोकसंख्या धोरण आलं. नसबंदीला दोन मुलांवर दीडशे रुपये, तीन मुलांवर शंभर, चार किंवा जास्त असतील तर सत्तर, असे दर ठरले. आपल्या राज्याच्या विधिमंडळानं त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळं त्याचा कायदा झाला नाही, पण खाली काम सुरू व्हायला कायद्याची वाट कुणी पाहिली नाही. बार्शी आपल्यापासून लांब नाही. तिथं जानेवारीतच बाजाराला आलेली माणसं रस्त्यावरून उचलून गाड्यांत घालून नेली होती. आपल्या गावात असं झालं नाही. आपल्या गावात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना ‘केसेस’ आणायला सांगितलं. माणशी दोन. तेव्हाच्या बोलण्यात माणूस हा शब्द नव्हता, केस होता. ‘तुमच्या किती झाल्या?’ असं एकमेकांना विचारायचे. देशभर १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा तुझ्या प्रबंधात येईलच. तो कसा भरत गेला, ते मी आमच्या ओसरीवर पाहिलं.

वडिलांचा दोन महिने पगार आला नाही. का आला नाही ते कुठंही लिहून दिलेलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. किराण्याच्या दुकानात खातं होतं म्हणून घर चाललं. ते संध्याकाळी सायकल काढायचे आणि वाड्यावस्त्यांवर जायचे. रात्री परत आले की हातपाय धुऊन गप्प जेवायचे. आई काही विचारायची नाही. मग एक दिवस पगार आला, आईनं गोड केलं, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

ते गेल्यानंतर कागद आवरताना मला त्यांची टाचणवही सापडली. उजव्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘इयत्ता तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी’. साहित्य, पूर्वज्ञान, फळ्यावरची उदाहरणं, सगळं नेहमीप्रमाणं व्यवस्थित. आणि वहीच्या अगदी शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं, दोन माणसांची नावं. नावापुढं वस्ती, मुलांची संख्या, तारीख. दोन्ही नावांपुढं बरोबरची खूण. तशीच खूण, जशी ते आमच्या पाटीवर करायचे.

त्यातलं एक नाव मला ओळखीचं होतं. चार मुलांचा बाप, सालगडी. त्याचा थोरला माझ्या बाकावर बसायचा. मी ती वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. तोवर तो माणूस गेला होता, बायको होती. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल किंवा रडेल. ती म्हणाली, ‘गुरुजी दारातच उभे राहिले. आत आले न्हाईत. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. एरवी येताजाता पाणी मागून प्यायचे.’ पैसे किती मिळाले, दवाखान्यात काय झालं, मालकाला नंतर कामाला बळ राहिलं का, यातलं तिनं आधी काहीच सांगितलं नाही. पाण्याचं सांगितलं.

त्या दिवसापासून मला माझे वडील वेगळे दिसतात. ते दुष्ट नव्हते. ते भ्यायले होते, आणि त्यांनी आपलं भय आपल्याहून गरीब माणसाच्या दारात नेऊन ठेवलं. मी त्यांना हे जिवंतपणी विचारू शकलो असतो. वीस वर्षं एका घरात राहिलो, विचारलं नाही. तू विचार.

लहान गावातली गोष्ट मोठ्या शहराहून वेगळी होते ती इथं. शहरात जुलूम करणारा अनोळखी असतो. आपल्याकडं तो गुरुजी असतो, तलाठी भाऊसाहेब असतो, आळीतला हवालदार असतो. आणि एकवीस महिन्यांनी, २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठल्यावर यातलं कुणी कुठं निघून गेलं नाही. ज्यानं नेलं तो आणि ज्याला नेलं तो, दोघं पुढची चाळीस वर्षं एकाच पिठाच्या गिरणीवर रांगेत उभे राहिले. एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवले. हे कसं जमवलं त्यांनी? मला वाटतं तुझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न हा आहे. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं काय म्हटलं ते छापलेलं आहे. गिरणीवरच्या रांगेत काय बोलणं झालं आणि काय टाळलं गेलं, ते कुठंच छापलेलं नाही.

तुरुंगात गेलेल्यांकडंही जाशील, जायलाच हवं. देशभर लाखाहून अधिक माणसं मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, आणि भारत संरक्षण कायदा यांखाली आत होती. आपल्या गावातूनही नेली, नंतर सत्याग्रहाच्या तुकड्यांतून काही जण स्वतःहून गेले. पण एक लक्षात ठेव. या मंडळींनी आपली हकीकत पुष्कळदा सांगितलेली आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारनं मिसाबंदींना मानधन सुरू केलं, २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. अर्ज, दाखले, सत्कार यांतून जाऊन जाऊन त्या आठवणी गुळगुळीत झाल्यात. त्यांचा त्याग खरा आहे, त्याला मान दे. मग बैठकीतून उठ आणि स्वयंपाकघरात जा.

अशाच एका घरातल्या आजींनी मला कंगव्यांची गोष्ट सांगितली. पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर मालकांना नेलं. घरात सासू आणि दोन मुली. जानेवारीत संक्रांत आली. त्यांनी ठरवलं, दरवर्षीसारखं हळदीकुंकू करायचं. वाणाला चाळीस प्लॅस्टिकचे कंगवे आणले, कारण दरवर्षी तेवढ्या बायका यायच्या. रथसप्तमीपर्यंत नऊ आल्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. रस्त्यात भेटलं की, ‘अहो, यायचंच होतं, पण धाकट्याला बरं नव्हतं.’ उरलेले एकतीस कंगवे फडताळात राहिले. धाकटी मुलगी मॅट्रिक होईपर्यंत त्या घरात कंगवा विकत आणला नाही. आजी हे सांगताना रागावलेल्या नव्हत्या. त्या नऊ जणींची नावं मात्र त्यांना अजून तोंडपाठ आहेत, येण्याच्या क्रमासकट.

जी एकतीस घरं आली नाहीत, त्यातलं एक माझं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, ते तुला जमेल. शाळांची शेरेबुकं बघ, त्यात कोण अधिकारी कधी येऊन काय लिहून गेला ते असतं. नगरपालिकेची ठराववही बघ, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या पाठिंब्याचे ठराव कुणी मांडले आणि अनुमोदन कुणी दिलं ते वाच, आणि तेच लोक एप्रिल सत्त्याहत्तरमध्ये काय ठराव मांडतात तेही वाच. वाचनालयात पेपरच्या फायली बांधून ठेवल्यात. त्यात बातम्यांपेक्षा जाहिराती आणि जाहीर नोटिसा नीट बघ, सेन्सॉरची नजर तिकडं कमी होती.

कराडचं साहित्य संमेलन डिसेंबर १९७५ चं. दुर्गा भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. हे सगळीकडं आहे, तू पुन्हा लिहिण्याची गरज नाही. पण आपल्या गावातून तिकडं मांडवाच्या कामाला गेलेलं एक घर आहे. त्यांना विचार, लोक उभे राहिले तेव्हा मांडव घालणाऱ्यांनी काय केलं.

निवडणुकीबद्दल सांभाळून लिही. मार्च सत्त्याहत्तरला उत्तरेत काँग्रेस पार बुडाली, पण महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा तिच्याच आल्या, जनता पक्षाला १९, शेकापला ५. म्हणजे आपल्याकडं मत दुभंगलेलं होतं. आज मात्र भेटेल तो सांगतो, आमचं मत विरोधातच होतं. त्यांना खोटं पाडू नकोस. ‘गल्लीत निकाल रेडिओवर कुणाच्या घरी ऐकला, आणि कोण लवकर उठून गेलं?’ एवढं विचार. उत्तर आपोआप येतं.

आणखी एक, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. नसबंदी झालेल्या माणसाचं नाव, वस्ती, मुलांची संख्या, यातलं काहीही छापू नकोस, त्यानं ‘छाप’ म्हटलं तरी. त्याच्या नातवंडांना हे माहीत नसतं. ‘हो’ म्हणणारा माणूस तुझ्या मोबाईलच्या रेकॉर्डिंगला हो म्हणत असतो, शिकलेल्या मुलीला नाही कसं म्हणायचं म्हणून. शहात्तर सालीही तो असाच हो म्हणाला होता, गुरुजींना नाही कसं म्हणायचं म्हणून. पुन्हा त्याच्याकडून तसा होकार घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी जा, रेकॉर्डिंग न करता, आणि पुन्हा विचार. आणि दारात उभी राहून विचारू नकोस. आत जा, बस, पाणी दिलं तर पी.

वडिलांची टाचणवही मी तुला दाखवीन, पण इथं येऊनच बघ. शेवटच्या पानाचा फोटो काढू देणार नाही, कारण वर लिहिलंय. आधीची पानं हवी तेवढी वापर.

कंगव्यांच्या आजींकडं आधी जा, या महिन्यातच. सकाळी नऊच्या आत, त्यांची पूजा झाल्यावर. दुपारनंतर त्यांना ऐकू कमी येतं आणि मग त्या नुसत्या हसतात. एक कंगवा अजून त्यांच्याकडं आहे, हिरवा, दोन दात तुटलेला. मागितलास तर दाखवतील. त्या नऊ जणींची नावं विचारून घे आणि क्रम चुकवू नकोस, त्यांना तो चुकलेला चालत नाही.

तुझे,
सर